बिनबियांची बाग

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलकडच्या केळी उत्पादकाला ‘बी कुठून आणलं?’ असं विचारलं तर तो क्षणभर तोंडाकडे बघत राहील. केळीला बी नसतं. पिकलेलं केळं उभं चिरलं की गरात मधोमध जे बारीक काळे ठिपके दिसतात, तेवढीच काय ती बियांची खूण. त्यातून काही उगवत नाही. तरीही तापी आणि सातपुडा यांच्या मधल्या पट्ट्यात, रावेर, यावल, चोपडा आणि पलीकडे धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरपर्यंत, पिढ्यान्‌पिढ्या केळीच्या बागा उभ्या आहेत. ऊस, कापूस, ज्वारी या पिकांचे वाण बदलत गेले, नवी बियाणी आली. केळीचं तसं झालं नाही. केळीत जो बदल झाला तो बियाण्यात झाला नाही, पेशीत झाला. आणि तो घडवायला जगाला जवळजवळ शंभर वर्षं लागली.

बहुतेक प्राण्यांच्या आणि अनेक वनस्पतींच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, एक आईकडचा आणि एक बापाकडचा. बसराई, श्रीमंती, ग्रँड नैन या केळींच्या पेशीत तीन संच आहेत. अकरा-अकराचे तीन, म्हणजे ३३ गुणसूत्रं. साध्या वाढीला त्याची काही अडचण नाही. पेशी आधी प्रत्येक गुणसूत्राची नक्कल करते, मग दोन्ही बाजूंना सारख्या वाटण्या करते आणि मधे भिंत घालून मोकळी होते. बी धरायचं तर मात्र वेगळ्या तऱ्हेचं विभाजन लागतं. तिथे गुणसूत्रांना आधी जोड्या लावून उभं राहावं लागतं, आणि तिघांची जोडी लागत नाही. वाटणीचा हिशोब चुकतो, बीजांड वांझ राहतं. फळ मात्र बीजाशिवायही भरतं. त्यामुळे लागवडीच्या केळीला पुढे जायला एकच रस्ता उरला: पेशीची हुबेहूब पेशी, तिची पुन्हा पेशी. तापीकाठी एका वाणाची जेवढी झाडं उभी आहेत, ती सगळी कुठल्या तरी एकाच पूर्वज झाडाच्या न थांबलेल्या पेशीविभाजनाची आहेत.

हे विभाजन माणसाच्या हाती लागायचं ते मुनव्याच्या रूपात. केळीच्या बुडाशी फुटणारी ही पिलं. त्यातला तलवारी मुनवा चांगला मानायचे, पात्यासारख्या अरुंद पानांचा, बुडाशी अर्धा ते पाऊण किलोचा कंद असलेला. आपण ज्याला केळीचं खोड म्हणतो ते खरं तर खोड नव्हेच. ती एकावर एक गुंडाळलेली पानांची आवरणं. खरं खोड म्हणजे जमिनीतला कंद. त्या कंदाच्या माथ्यावर, सगळ्या आवरणांच्या आत, मिलीमीटरहूनही लहान असा पांढुरका उंचवटा असतो. पान, घड, कमळ, सगळं त्या उंचवट्यातून निघतं. तिथल्या पेशी झाडाच्या जन्मभर विभागत राहतात.

मुनवे शेजारच्या गावातून यायचे, सोयऱ्याच्या बागेतून यायचे, गाडीत भरून यायचे. हंगाम मृग बागेचा असो की कांदे बागेचा, लागवडीच्या आधी चांगल्या मुनव्यांची शोधाशोध ठरलेली. पण कंदाबरोबर त्याची मातीही यायची. मातीतून सूत्रकृमी यायचे, कंदातून सोंड्या भुंगा यायचा आणि डोळ्यांना न दिसणारे विषाणू तर झाडाच्या रसातूनच यायचे. शिवाय कुठला मुनवा दोन महिन्यांचा, कुठला चारचा. बाग एका वेळी निसवायची नाही. कटाई महिनोन्‌महिने रेंगाळायची, आणि पहिला घड हाती यायला दीड वर्ष लागायचं. सावदा, निंभोरा, रावेर या स्थानकांवरून केळीच्या वॅगनी दिल्लीकडे जात होत्या, त्या अशा मागेपुढे पिकणाऱ्या बागांच्या जोरावर. ज्यांनी हे केलं त्यांच्या कष्टाला तोड नाही. पण एका मुनव्यातून वर्षाला पाच-दहा मुनवे, यापुढे ते गणित जात नव्हतं.

गणित बदलायची पहिली कल्पना ऑस्ट्रियात मांडली गेली, १९०२ साली. गॉटलिब हाबरलांट या वनस्पतिशास्त्रज्ञाने म्हटलं की झाडाची प्रत्येक जिवंत पेशी पूर्ण झाड घडवू शकते. तिला वेगळं काढून योग्य ते अन्न दिलं की पुरे. त्याने पानांतल्या पेशी सोडवून साखरेच्या आणि क्षारांच्या द्रावणात ठेवल्या. पेशी जगल्या, फुगल्या, त्यांच्यात स्टार्चही साठला. पण एकही विभागली नाही. तो सूक्ष्मदर्शकातून बघत राहिला आणि पेशी गप्प राहिल्या. कल्पना बरोबर होती, हे सिद्ध व्हायला अर्धं शतक जायचं होतं.

त्याला अडचणीचं मूळ मात्र उमगलं होतं. १९१३ मध्ये त्याने दाखवलं की बटाट्याच्या गरातल्या पेशींना अन्नरस वाहणाऱ्या नलिकांच्या ऊतीचा स्पर्श राहिला तर त्या विभागू लागतात. म्हणजे पेशीला खायला मिळणं पुरेसं नव्हतं. तिला कुणाकडून तरी ‘आता दोन हो’ असा निरोप यावा लागतो. निरोप रसातून येतो, हेही कळलं. तो निरोप म्हणजे नेमकं काय, ते कळत नव्हतं.

मधल्या काळात फ्रिट्स वेंट याने १९२० च्या दशकात ओटच्या कोंबाच्या शेंड्यातून उतरणारं संप्रेरक अगरच्या तुकड्यात पकडलं. त्याला ऑक्सिन नाव पडलं. ऑक्सिनने पेशी लांबत होती, मुळं फुटत होती. विभाजनाला ते एकटं पुरत नव्हतं. मग १९४१ मध्ये योहानेस व्हान ओव्हरबेक याने धोतऱ्याचे कोवळे गर्भ नारळाच्या पाण्यात वाढवून दाखवले. ज्या पाण्यात निसर्ग नारळाचा कोंब पोसतो, त्या पाण्यात धोतऱ्यालाही बळ मिळालं. आपल्याकडे आजाऱ्याला शहाळं देतात. जगभरच्या प्रयोगशाळांनी त्या काळात पेशींना नारळाचं पाणी पाजलं, आणि पेशी विभागल्या. त्या पाण्यात नेमकं काय आहे, हे शोधण्यात अनेकांची वर्षं गेली.

फोल्के स्कूग हा स्वीडिश तरुण अमेरिकेत शिकायला गेला होता. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये तो स्वीडनकडून १५०० मीटर धावला. पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठात त्याने आयुष्य घातलं ते तंबाखूच्या खोडातल्या गाभ्यावर. हा गाभा म्हणजे भेंडासारखा मऊ, शांत पडून असलेल्या पेशींचा. ऑक्सिन दिलं की त्या पेशी फुग्यासारख्या फुगायच्या, पण विभागायच्या नाहीत. रसवाहिन्यांची चकती त्यांना टेकवून ठेवली की विभागायला लागायच्या. हाबरलांटचं १९१३ चं कोडं पुन्हा समोर उभं होतं, फक्त आता हातात चांगली साधनं होती.

स्कूगचा सहकारी कार्लोस मिलर याने नारळाचं पाणी दिलं, यीस्टचा अर्क दिला. यीस्टच्या अर्कातला गुणकारी भाग न्यूक्लिक आम्लासारखा वागतो असं दिसलं, तेव्हा त्याने प्रयोगशाळेतल्या फळीवरची हेरिंग माशाच्या शुक्रपेशींतल्या डीएनएची एक जुनी बाटली उतरवली आणि त्यातली पूड तंबाखूच्या पेशींना दिली. पेशी भराभर विभागल्या. बाटली संपली. नवी मागवली, तर तिच्यात काहीच गुण नाही. दुसऱ्या कुणी ‘आधीचा प्रयोग फसवा होता’ म्हणून सोडून दिलं असतं. मिलरने उलट विचार केला: गुण डीएनएत नसून डीएनए शिळं होताना जे तयार झालं त्यात असावा. मग ताजी पूड पाण्यात घालून दाबाखाली उकळली, म्हणजे ऑटोक्लेव्ह केली. गुण परत आला. त्यातून जो पदार्थ वेगळा काढला त्याला १९५५ मध्ये कायनेटिन हे नाव दिलं. ही संप्रेरकांच्या नव्या घराण्याची पहिली ओळख. त्या घराण्याला सायटोकायनिन म्हणतात. झाडाच्या अंगात नैसर्गिकपणे बनणारं सायटोकायनिन पुढे मक्याच्या कोवळ्या दाण्यांत सापडलं.

खरी उमज मात्र १९५७ ची. स्कूग आणि मिलर यांनी तंबाखूच्या पेशींना ऑक्सिन आणि कायनेटिन वेगवेगळ्या प्रमाणात देऊन पाहिली. ऑक्सिन जास्त ठेवलं तर मुळं फुटली. कायनेटिन जास्त ठेवलं तर कोंब फुटले. दोन्ही मधल्या प्रमाणात ठेवली तर नुसता पेशींचा गोळा वाढत गेला. मुळासाठी एक संप्रेरक आणि कोंबासाठी दुसरं, अशी सरळ विभागणी नव्हती. त्याच दोन निरोपांचं आपसातलं प्रमाण पेशी वाचते आणि त्यावरून आपण काय व्हायचं ते ठरवते. भाजीत तेच तिखट आणि तेच मीठ असतं. चव प्रमाणावर ठरते. वनस्पतीच्या पेशींची भाषा अशी पहिल्यांदा माणसाला बोलता आली. शेतीच्या इतिहासात या शोधाला जेवढं मोठं स्थान मिळायला हवं तेवढं आपण दिलेलं नाही.

निरोप पेशीत शिरून नक्की काय करतो, हे कळायला आणखी वर्षं गेली. लेलंड हार्टवेल यीस्टमध्ये, पॉल नर्स दुसऱ्या एका यीस्टमध्ये आणि टिम हंट समुद्री अर्चिनच्या अंड्यांत विभाजनाची किल्ली शोधत होते. हंटला १९८२ मध्ये एक प्रथिन दिसलं, जे प्रत्येक विभाजनाच्या आधी साठतं आणि विभाजन होताच नाहीसं होतं. त्याचं नाव सायक्लिन. सायक्लिन आपल्या जोडीदार एन्झाइमला जागं करतं आणि ते पेशीला पुढच्या टप्प्यात ढकलतं. टप्प्याटप्प्यावर गुणसूत्रांची नक्कल पुरी झाली का, काही मोडतोड आहे का, याची तपासणी होते, आणि चूक असेल तर पेशी थांबते. तिघांना २००१ चं नोबेल मिळालं. यीस्ट, माणूस, केळी, सगळ्यांत हीच यंत्रणा आहे. सायटोकायनिन पेशीतल्या ग्राहक-प्रथिनाला चिकटलं की निरोप एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे हातोहात केंद्रकापर्यंत पोचतो आणि तिथे एका सायक्लिनचं उत्पादन वाढतं. थांबलेली पेशी मग विभाजनाच्या रस्त्याला लागते.

व्यवहारात मात्र १९५७ नंतर फक्त अन्नाची पाककृती ठरायची राहिली होती. १९६२ मध्ये तोशियो मुराशिगे आणि स्कूग यांनी क्षार, साखर आणि जीवनसत्त्वांचं जे मिश्रण छापलं, तेच ‘एमएस माध्यम’ या नावाने आजही जगभरच्या ऊतिसंवर्धन प्रयोगशाळांत शिजतं. त्याआधी दहा वर्षं, १९५२ मध्ये, फ्रान्समध्ये जॉर्ज मोरेल आणि क्लोद मार्टिन यांनी विषाणू लागलेल्या डेलियाच्या शेंड्याचा इवलासा टिपका काढून वाढवला, आणि त्यातून आलेली झाडं विषाणूमुक्त निघाली होती. रोगी झाडाच्या अगदी टोकाला निरोगी पेशी शिल्लक असतात. या गोष्टीकडे पुन्हा यायचं आहे.

आपल्या राज्यात हे शास्त्र रुजलं पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत. व्ही. जगन्नाथन आणि ए. एफ. मस्करेन्हस यांच्या गटाने साग आणि निलगिरी यांसारखी झाडं बाटलीत वाढवली. साग बाटलीत वाढवणं सोपं नव्हतं. जून लाकडी झाडाच्या पेशी विभाजनाला सहज तयार होत नाहीत. याच गटातल्या रजनी नाडगौडा यांनी मस्करेन्हस आणि पराशरामी यांच्यासह १९९० मध्ये ‘नेचर’मध्ये जो लेख छापला, त्याने जगभर खळबळ उडाली. बांबू आयुष्यात एकदाच फुलतो, तेही कित्येक दशकांनी. पुण्यात तो काही महिन्यांत बाटलीत फुलला आणि त्याने बीही धरलं. माध्यमात होतं सायटोकायनिन आणि नारळाचं पाणी. ओव्हरबेकने धोतऱ्याला पाजलेलं तेच पाणी.

केळीची कहाणी जळगावला वळते ती त्याच दशकात. वाकोद या गावातून आलेल्या भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये रॉकेलच्या विक्रीपासून धंदा सुरू केला. १९७८ मध्ये त्यांनी जळगावचा केळीच्या पावडरीचा बंद पडलेला कारखाना घेतला, आणि त्यात पपईच्या चिकापासून पपेन काढायला सुरुवात केली. पुढे ठिबक सिंचन आलं. नव्वदच्या दशकात त्यांच्या कंपनीने इस्राएलकडून आलेला ग्रँड नैन हा वाण आणि ऊतिसंवर्धित रोपं खानदेशात आणली. ग्रँड नैन बसराईच्याच कुळातलं; दोन्ही कॅव्हेंडिश. एका जुन्या केळीच्या पेशींत विभाजन होताना कधी तरी किरकोळ बदल घडला आणि उंची, घडाचा आकार यांत फरक पडला, एवढंच त्यांच्यातलं अंतर. सुरुवातीला बागायतदार बिचकले. मुनवा सोयऱ्याकडून फुकट किंवा चार पैशांत मिळतो, तिथे पिशवीतल्या वीतभर रोपाला एवढे पैसे कशाला द्यायचे? पण शेजारच्याची बाग एकदम निसवलेली पाहिली, घड तोलून पाहिला, आणि गावंच्या गावं फिरली. आज या भागात ‘टिश्यू लावलं का?’ हा प्रश्न पाऊस झाला का, इतक्या सहज विचारला जातो.

अशा प्रयोगशाळेत आत शिरलं की पहिल्यांदा जाणवते ती थंड, कोरडी स्वच्छता. काचेच्या मागे गाळलेली हवा सतत बाहेर वाहते आहे. त्या हवेच्या झोतासमोर बसलेल्या मुलीच्या एका हातात चिमटा आणि दुसऱ्या हातात ब्लेड. बहुतेक ठिकाणी हे काम मुली आणि बायकाच करतात. बाटलीतून कोंबांचा हिरवट-पांढरा झुपका काढायचा, काळे पडलेले भाग छाटायचे, गाठीचे दोन-तीन तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा नव्या बाटलीतल्या अगरवर टेकवायचा. चिमटा दर वेळी तापवून निर्जंतुक करायचा. बोटाचा चुकून स्पर्श झाला तर चार दिवसांत बाटलीत बुरशीचा पांढरा कापूस दिसतो आणि बाटली फेकावी लागते. भरलेल्या बाटल्या २५-२७ अंशांच्या खोलीत, दिव्यांच्या उजेडात फळ्यांवर ओळीने मांडतात. बाहेर मे महिन्यात जळगाव ४५ अंशांवर तापलेलं असतं.

या बाटल्यांत सायटोकायनिन जास्त आणि ऑक्सिन कमी असतं, स्कूगच्या १९५७ च्या तक्त्याप्रमाणे. त्यामुळे कोंबातून कोंब फुटत राहतात. दर तीन-चार आठवड्यांनी एकाचे तीन झाले असं धरलं, तर आठ फेऱ्यांत कागदावर ६,५६१ होतात. त्यापुढे सहसा जात नाहीत. फेऱ्या वाढल्या की नकलेत चुका वाढतात, आणि मग बागेत मधेच एखादं खुजं, चिरक्या पानाचं झाड उभं राहतं, ज्याला घडच लागत नाही. हव्या त्या संख्येला पोचले की निरोप बदलतात. सायटोकायनिन काढून ऑक्सिन वाढवलं की दोन आठवड्यांत पांढरी मुळं फुटतात.

बाटलीतून आलेलं रोप दिसायला देखणं पण अंगाने फार नाजूक असतं. बाटलीत हवा दमट, त्यामुळे त्याच्या पानावर मेणाचा थर नीट चढलेला नसतो आणि पानांवरची बारीक रंध्रं मिटायची त्याला सवय नसते. तसंच उन्हात ठेवलं तर दुपारपर्यंत कोमेजून जातं. म्हणून आधी धुक्यासारख्या फवाऱ्यात आणि मग शेडनेटखाली, पिशवीत, असे काही आठवडे त्याला कडक करतात. पाणी तोडलं की मुळं कोरड्याची खबर वर पाठवतात आणि रंध्रं मिटायला शिकतात. रोपवाटिकेत रोपांवर हात फिरवून ‘कडक झाली’ म्हणणारा माळी हीच गोष्ट बोटांनी ओळखतो.

याचं फळ खानदेशाने पाहिलं. दीड वर्षाचं पीक साधारण ११-१२ महिन्यांवर आलं. पाच बाय पाच फुटांवर एकरी १,७४२ रोपं, सगळी एका वयाची, सगळी जवळपास एका वेळी निसवणारी. ठिबकमधून पाण्याबरोबर खत. घड पंचवीस-तीस किलोंपर्यंत. एकसारखा माल असल्याशिवाय परदेशी बाजार दारात उभा करत नाही. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि जून २०२१ मध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची २२ टन मानांकित केळी दुबईला गेली.

त्याच्या आदल्या वर्षीचा पावसाळा मात्र रावेर, यावल, मुक्ताईनगरच्या लोकांना विसरता येणार नाही. २०२० च्या जुलै-ऑगस्टमध्ये, लावून दोनच महिने झालेल्या बागांत पानांवर पिवळे पट्टे उमटू लागले. शिरेला समांतर, हरणाच्या अंगावर असावेत तसे. इकडे त्याला हरण्या म्हणतात. पान पुढे आखडतं, पोंगा सडतो, झाड खुरटतं. औषध नाही. शेतकऱ्यांनी उभी बाग उपटून बांधावर टाकली. काहींनी रोटाव्हेटर फिरवला. रोपांचे, ठिबकचे, मजुरीचे पैसे गेले, आणि हंगामही गेला. शास्त्राच्या पुस्तकात हा कुकुंबर मोझॅक विषाणू, काकडीवर १९१६ मध्ये पहिल्यांदा ओळखला गेलेला. मावा काकडीच्या, भोपळ्याच्या किंवा तणाच्या पानात सोंड खुपसतो आणि पुढच्या पानावर बसताच काही सेकंदांत विषाणू सोडतो.

आत शिरल्यावर विषाणू पसरतो कसा, ते समजायला पेशींच्या बोलण्याच्या वाटा पाहायला हव्यात. वनस्पतीच्या पेशींना जाड भिंती असतात, पण त्या भिंतींना आरपार भोकं आहेत. एदुआर्द टांग्ल याने १८७९ मध्ये ती पहिल्यांदा पाहिली. एकेक बोगदा मिलीमीटरच्या सुमारे वीस हजाराव्या भागाएवढा रुंद, आणि आतून आणखी चिंचोळा. यातून साखर जाते, संप्रेरकं जातात, काही प्रथिनंसुद्धा जातात. शेजारच्या पेशीने काय व्हायचं, याचे हुकूम या बोगद्यांतून जातात. विषाणूला हे दार आपल्या अंगाने उघडता येत नाही. म्हणून तो पेशीकडूनच एक प्रथिन बनवून घेतो, जे बोगद्याचं तोंड रुंद करतं आणि विषाणूला पलीकडे नेतं. झाडही गप्प बसत नाही. विषाणूचा आरएनए ओळखून त्याचे तुकडे करायची आणि तो इशारा पुढच्या पेशींना आधीच पोचवायची यंत्रणा त्याच्याकडे आहे. हरण्याच्या विषाणूकडे त्यावरही उतारा आहे: त्याचं दुसरं एक प्रथिन ही यंत्रणाच दाबून टाकतं.

तरी शेंड्याचा तो इवला टिपका वाचतो. मोरेलने १९५२ मध्ये ज्याचा उपयोग केला त्याचं एक मोठं कारण कळलं ते नेमकं २०२० मध्ये. चीनमधल्या शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’मध्ये दाखवलं की शेंड्याच्या मूळपेशींना मूळपेशी म्हणून जपणारं वुशेल नावाचं प्रथिनच विषाणूला अडवतं. हे प्रथिन थोडं खालच्या पेशींत बनतं आणि बोगद्यांतून वर चढून शेंड्याच्या पेशींत पोचतं. तिथे ते पेशीची प्रथिनं बनवायची गती उतरवतं, आणि प्रथिनं नाहीत म्हटल्यावर विषाणूला वाढता येत नाही. प्रयोग ॲराबिडॉप्सिस या मोहरीच्या भाऊबंदावर होता, आणि विषाणू होता तोच, कुकुंबर मोझॅक. रावेरच्या बागा पिवळ्या पडत होत्या त्याच वर्षी. ज्या वाटेने चोर येतो त्याच वाटेने राखणदारही येतो, हे वाचून तापीकाठच्या माणसाने आपल्या कोंबाकडे नव्या नजरेने बघायला हवं.

पण स्वच्छ असणं आणि रोगाला दाद न देणं, या दोन गोष्टी वेगळ्या. प्रयोगशाळेतून आलेल्या कोवळ्या रोपावर मावा बसला तर तो विषाणू घालणारच, उलट कोवळेपणामुळे ते लवकर बळी पडतं. आणि ज्या मातृवृक्षाचा कोंब घेतला तोच रोगी निघाला, तर बाटलीतल्या हजारो रोपांत रोगही तितक्याच इमानाने वाटला जातो. मुनव्याच्या काळात एका गाडीतून येणारा रोग आता ट्रकने येऊ शकतो. म्हणून भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ मध्ये ऊतिसंवर्धित रोपांच्या प्रमाणनाची राष्ट्रीय पद्धत आणली. त्यात मातृवृक्षांची आणि रोपांच्या तुकड्यांची विषाणूंसाठी चाचणी होते, केळीला लागणाऱ्या चार प्रमुख विषाणूंची त्यात गणती आहे. दुसरीकडे फ्युजेरियम या बुरशीची टीआर-४ ही जात बिहार-उत्तर प्रदेशातून पुढे येत रावेरला लागून असलेल्या बुऱ्हाणपूरपर्यंत नोंदली गेली आहे. ती मातीत राहते, आणि कॅव्हेंडिश केळी तिच्यापुढे टिकत नाही. सगळ्या बागेत एकच पेशी असली की तिला जे मारतं ते सगळ्या बागेला मारतं.

म्हणून पुढच्या मृग बागेची रोपं सांगण्याआधी एवढं करा. भाव विचारायच्या आधी रोपवाटिकेकडे प्रमाणित प्रयोगशाळेचा आणि मातृवृक्षाच्या विषाणू-तपासणीचा कागद मागा. नसेल तर रोप कितीही कडक दिसो, घेऊ नका. बागेत आणि बांधावर काकडी, भोपळा, गिलकी लावू नका, तण वाढू देऊ नका. बुऱ्हाणपूरकडून कंद आणू नका, आणि अवजारं आणत असाल तर माती धुऊन काढा. आणि पहिल्या तीन महिन्यांत रोज सकाळी बागेतून एक फेरी मारा. पिवळ्या पट्ट्यांचं एक जरी झाड दिसलं, तर संध्याकाळची वाट न बघता ते कंदासकट उपटा आणि बागेबाहेर नेऊन पुरा.